आंघोळ कुठं हातात घेतात, आजी?

"रेड. टुडे नो रेड."

आपल्या क्लासमधले चॅन अंकल माझ्या कानाशी वाकून एवढंच म्हणाले आणि मी खाली बघितलं. प्रॅमवरचं पावसाचं प्लॅस्टिक मी नुकतंच काढलं होतं, आणि आत माझी ओवी, दोन्ही हात वर करून, तुम्ही विणलेल्या लाल स्वेटरमध्ये. लिन आजी, त्या हॉलमध्ये सगळं काळं नाहीतर पांढरं होतं. कोट काळे, फुलं पांढरी, तुमच्या मुलीच्या, मेईच्या केसात पांढऱ्या लोकरीचं फूल, तुमच्या शवपेटीवर पांढरं कापड. आणि मधल्या वाटेत माझी दहा महिन्यांची पोरगी, पिकलेल्या मिरचीसारखी लाल.

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मागं वळून बघितलं आणि मला वाटलं त्या तुम्हीच. तसंच कपाळ, तसाच चष्मा. नंतर कळलं ती तुमची बहीण, चीनहून आलेली. त्यांनी ओवीकडं बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. मी प्रॅम फिरवली आणि बाहेर पळाले.

क्रिमेटोरियमच्या दाराबाहेर छोटं छप्पर आहे, त्याच्याखाली उभी राहिले. धड बर्फ नाही, धड पाऊस नाही असं काहीतरी पडत होतं. ओवीचा खोकला अजून गेला नव्हता. ब्लँकेटवर ती बसमध्ये दूध ओकली होती, ते मी गोळा करून प्रॅमच्या खालच्या जाळीत कोंबलेलं. स्वेटर काढावा तर आत नुसतं पातळ झबलं. परत जावं तर तुम्ही आत, आणि परत काही तुम्ही दिसणार नाही. माझा नवरा, विशाल, हॉस्पिटलच्या वॉर्डमध्ये ड्युटीवर, तो फोन उचलणार नाही. मी तिथंच गोल गोल फिरत होते, प्रॅम पुढं, प्रॅम मागं, आणि ओवीला वाटत होतं आपण खेळतोय.

आजी, मला वाटलं लाल घातलं तर तुम्हाला आवडेल. स्वेटर देताना तुम्हीच म्हणालात ना, "बिग डे, रेड." मोठा दिवस म्हणजे कुठला, हे मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. आमच्यात मयताला पांढरं घालतात, विशाल म्हणाला इथं काळं घालतात, म्हणून मी पांढऱ्या कुर्त्यावर काळा कोट चढवला, दोन्हीकडचं राखलं. तुमच्याकडं लाल फक्त आनंदाच्या दिवशी, हे मनातच आलं नाही. लेकराच्या कपड्यांकडं कोण बघतं, असं वाटलं.

इतके महिने मी तुम्हाला 'यू' म्हणत होते. आज पहिल्यांदा मराठीत बोलतेय, आता तुम्हाला सगळं कळत असेल असं धरून चाललेय. मग तू म्हणू का तुम्ही? माझ्या आजीला मी तूच म्हणायचे. पण तुम्ही सांगितलं होतं की तुमच्याकडंपण दोन शब्द आहेत, एक साधा आणि एक मोठ्या माणसांचा, आणि तो मोठ्यांचा तुम्ही आयुष्यात फक्त सासूला वापरला. का, तर "बिकॉज स्केअर्ड." आणि किती हसलात. मला विचारायचं होतं मी तुम्हाला कुठला वापरू. राहिलं ते. तोवर तुम्हीच बरं.

इंग्रजीच्या क्लासमधलं पहिल्या दिवशीचं आठवतं का? तुम्ही ओवीपुढं वाकून, स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणत होतात, "नाय नाय. नाय नाय." मला वाटलं पोरीनं काहीतरी तोंडात घातलं. मी तिच्या तोंडात बोट घातलं, मुठी उघडून बघितल्या, ती रडायला लागली, आणि तुम्ही आपलं नाय नाय चालूच. शेवटी फोनमधल्या भाषांतराला विचारलं. तुमच्यात नाय नाय म्हणजे आजी. मी तुम्हाला खुणेनं सांगितलं की आमच्यात नाय म्हणजे नो, तर तुम्ही ओवीला म्हणालात, "आय ॲम नो नो." टीचरनं आपल्या दोघींना गप्प केलं होतं.

इथं इंग्लंडात, ब्रॅकनेलच्या त्या चर्चच्या हॉलमधल्या क्लासमध्ये मी एकटी मराठी. बाकी जवळजवळ सगळे चायनीज बोलणारे, बहुतेक हाँगकाँगचे, म्हणून पॉलीन टीचर शिकवायची तेही त्यांच्या चुका धरून. मी नववीत शाळा सोडलेली. मला वाटायचं आपण इथं कशाला बसलोय, लोकांचं चुकतंय ते बघायला? आणि तुम्ही त्यांच्यातल्या असून माझ्या शेजारी का बसता हेही कळायचं नाही. मग कळलं की त्यांची चायनीज वेगळी आणि तुमची वेगळी. लिहिलेलं तुम्हाला बऱ्यापैकी वाचता यायचं, पण ते बोलायला लागले की तुम्ही माझ्यासारख्याच बहिऱ्या. टीचर म्हणायची मला पॉलीन म्हणा. आपल्या दोघींना ते काही जमलं नाही. शिकवणाऱ्या बाईला नावानं हाक कशी मारायची? तुम्ही टीचर म्हणायचात, मग मीपण.

त्या मंगळवारी टीचरनं बोर्डाच्या मधोमध एकच शब्द लिहिला, टेक. आणि त्याच्यातून चारी बाजूंना रेघा ओढल्या, कोळी काढल्यासारखा. म्हणाली, एवढासा शब्द, पण चायनीजमध्ये याला प्रत्येक वेळी वेगळा शब्द लागतो, म्हणून तुम्ही अडकता. टेक अ टॅब्लेट, तुमच्यात काय म्हणता? सगळा वर्ग म्हणाला, ईट. मीपण म्हणलं, ईट. टीचरनं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, "यू टू?" आम्हीपण गोळी खातोच की. तुम्ही माझ्या मांडीवर अशी थाप मारलीत, जशी काय मी तुमच्या गावची निघाले.

मग मला मजाच यायला लागली. बस टेक करायची, तर तुम्ही बस 'बसता' आणि मी 'पकडते'. फोटो टेक करायचा, तर मी तो 'काढते', आणि तुमचा शब्द फोनला विचारला तर फोन म्हणाला, थापटणे. फोटो थापटतात? तुम्ही म्हणालात हो, आणि ओवीच्या पाठीवर थापटून दाखवलंत, हाच शब्द. वेळ टेक होतो, आमच्यात लागतो, तुमच्यात खर्च होतो, आणि तो खर्चाचा शब्द तुम्ही लिहून दाखवलात, म्हणालात हाच फुलाचा. "फ्लॉवर टाइम." मी घरी जाऊन विशालला सांगितलं, चायनीज लोक वेळेचं फूल करतात. तो म्हणाला, झोप आता.

परीक्षेवरून, टेक अ टेस्टवरून, तर माझं डोकंच फिरलं. मी म्हणलं, टीचर, आमच्यात परीक्षा 'देतात'. ती म्हणाली, मग घेतं कोण? मी म्हणलं, तुम्ही. ती म्हणाली, नो, मी देते, तू घेतेस. म्हणजे मी इथं आल्यापासून घेणारी झाले आणि मला पत्ताच नाही.

तुम्ही मला विचारलं होतं, तुझ्या भाषेत असा मोठ्या पोटाचा शब्द कुठला? मी भाजी ढवळताना विचार केला आणि पुढच्या क्लासला सांगितलं, लाव. दार लाव, दिवा लाव, फोन लाव, झाड लाव, लेकराला तीट लाव. तुम्ही म्हणालात, आमच्यात दार उघडणं, दिवा लावणं, गाडी चालवणं, फूल उमलणं, पाण्याला उकळी येणं, हे सगळं एकाच शब्दात. तेव्हा मला कळलं तुम्ही सारखं "ओपन द लाइट" का म्हणता. टीचर दर वेळी ते खोडायची. मला आता बटण दाबताना तेच येतं तोंडात.

आणि मग ते आपलं भांडण. तुम्ही मूठ मिटून माझ्या नाकासमोर धरलीत. "ऑल सेम. हँड."

म्हणजे टेक हा मुळात हाताचा शब्द, सगळे अर्थ हातातूनच निघाले, असं तुमचं म्हणणं. गोळी? हातात. फोटो? कॅमेरा हातात. बस? वरचा दांडा हातात. वेळ? तुम्ही मनगटावरचं घड्याळ दाखवलंत. मी म्हणलं, बाथ? टेक अ बाथ? आंघोळ कुठं हातात घेतात?

तुम्ही थांबलात. "वेट. आय थिंक. ट्यूसडे."

पुढच्या मंगळवारी आल्या आल्या, कोटही न काढता, "सोप." मी म्हणलं, साबण म्हणजे आंघोळ नव्हे. त्याच्या पुढच्या मंगळवारी, "बेबी. यू टेक बेबी, गिव्ह बाथ." मी म्हणलं, मग बेबी हातात, बाथ नाही. तुम्ही ओवीला सांगितलंत, "युअर मदर व्हेरी बॅड स्टुडंट." नंतर एकदा तांब्यासारखा हात करून डोक्यावर पाणी ओतून दाखवलंत. मी म्हणलं, इथं शॉवर असतो. तुम्ही रागानं बिस्किटाचा पुडा माझ्यापासून लांब सरकवलात. एवढं वाईट वाटलं का हो खरंच? का चेष्टा होती? तुमच्या चेहऱ्यावरून मला पटकन कळायचं नाही.

मी इथं घाबरून राहायचे, आजी. फोन वाजला तरी उचलायचे नाही. कुणी इंग्रजीत विचारलं की मी येस म्हणायचे, काय विचारलं ते नंतर. ओवीला खोकला झाला तेव्हा तुम्ही क्लास सोडून माझ्याबरोबर बाहेरच्या बाकावर बसलात आणि म्हणालात, कॉल डॉक्टर. मी म्हणलं, तुम्ही बोला. तुम्ही म्हणालात, नो, यू. मग फोन दोघींच्या कानांच्या मध्ये धरला. तिकडून बाई विचारत होती, इज शी टेकिंग फ्लुइड्स? फ्लुइड्स म्हणजे काय ते मला कुठं माहीत. तुम्ही कुजबुजलात, "मिल्क. ड्रिंक मिल्क." मी म्हणलं, येस, मिल्क, लिटिल. अर्धी तुमची, अर्धी माझी, मिळून एक इंग्रजी झाली आणि आम्हाला त्याच दिवशी बोलावलं. त्याच बाकावर तुम्ही वितीनं ओवीची पाठ मोजलीत, बाही मोजलीत. मला वाटलं गंमत करताय. स्वेटर आला तेव्हा कळलं.

मग एका मंगळवारी तुमची खुर्ची रिकामी. मी तुमच्यासाठी चकल्या आणलेल्या. टीचर माझ्याजवळ येऊन बसली, आणि टीचर कधी कुणाजवळ बसत नाही.

इथं माणूस गेलं तरी लगेच नेत नाहीत. आठवडे जातात. एवढे दिवस तुम्ही कुठं होतात, कुणी बरोबर होतं का, हेच माझ्या डोक्यात. मेईचा मेसेज आला की आईला ओवी फार आवडायची, प्लीज तिला घेऊन ये. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाल्या, "लेकराला घेऊन मसणवट्यात? डोकं फिरलं का तुझं? कोण लागते ती तुझी?" मी म्हणलं, "आत्या, शेजारी बसायच्या त्या." त्या म्हणाल्या, "शेजारी तर बसमध्ये पण बसतात." तरी मी आले.

तर मी त्या छपराखाली. माझा कोट विशालचा जुना आहे, ओवीच्या वेळी पोट वाढलं तेव्हापासून मी तोच घालते, त्यात अजून एक माणूस मावेल. मी ओवीला उचललं, छातीशी धरलं आणि झिप गळ्यापर्यंत वर ओढली. लाल आत गेलं. बाहेर फक्त तिचं डोकं, माझ्या हनुवटीखाली. अशी मी आत गेले आणि सगळ्यात मागं भिंतीला टेकून उभी राहिले. सारखं मनात येत होतं, झाकलेलं लाल चालतं का? लोकांना दिसत नाही, पण तुम्हाला? तुमचं पुढचं काही बिघडणार तर नाही ना माझ्यामुळं?

कुणीतरी चायनीजमध्ये बोललं. टीचर इंग्रजीत बोलली, म्हणाली की लिनसारखी भांडखोर विद्यार्थीण मला मिळाली नाही. सगळे तुमच्या फोटोपुढं वाकले, तर मीपण वाकले, आणि ओवी आत लोंबकळली आणि खुदकन हसली. मग गाणं लागलं. काळ्या कोटातला माणूस म्हणाला, गाणं संपलं की पेटीपुढचा पडदा बंद होईल, घरच्यांना शेवटचा निरोप घ्यायला पुढं यायचं तर या.

तुमची बहीण पुढं गेली. मेई गेली नाही. ती उठली, वळली आणि मधल्या वाटेनं सरळ माझ्याकडं चालत आली. दोन्ही हात पुढं केले. "कॅन आय होल्ड हर? प्लीज."

सगळे बघत होते. पेटीजवळून तुमची बहीणही बघत होती. माझा हात झिपवर. उघडली तर लाल बाहेर, तुमच्यासमोर, त्या मिनिटाला. झोपलीये म्हणावं तर ओवी टकामका मेईकडं बघत होती. मी म्हणलं, "आउटसाइड. कम." आणि तिची बाही धरून तिला बाजूच्या दारानं बाहेर नेलं.

छपराखाली झिप उघडली. मी म्हणलं, "सॉरी. रेड. आय डोन्ट नो." तिनं ओवीला घेतलं आणि त्या लोकरीत नाक खुपसलं. बराच वेळ. मग म्हणाली, हा तिनं माझ्या किचन टेबलवर विणला, मी म्हणत होते, मा, बाह्या मोठ्या होतायत. बाह्या मोठ्याच आहेत, आजी, मी दुमडून घालते.

मग तिनं विचारलं, "तुम्ही दोघी बोलायचात तरी काय? घरी तर ती इंग्रजीचा एक शब्द बोलायची नाही."

मी सांगितलं. टेकचं, मुठीचं, साबणाचं, बिस्किटाच्या पुड्याचं. बाथ म्हणलं तशी मेईनं मान वर केली. म्हणाली, जायच्या आदल्या दिवशी ती बाथरूमच्या दारात उभी राहून मला हाका मारत होती. सापडलं, सापडलं म्हणत होती, बाथचं सापडलं. "मी कॉलवर होते. मी म्हणलं, मा, लेटर."

म्हणजे तुम्हाला सापडलं होतं. आजी, काय सापडलं होतं?

आम्ही दोघी शोधायला लागलो. ती म्हणाली, टॉवेल? मी म्हणलं, टॉवेल तर साबणापेक्षा सोपा, तो त्यांनी आधीच सांगितला असता. ती म्हणाली, नळ? मी म्हणलं, नळ हातात येतो, पण आंघोळ कुठं येते. ती म्हणाली, यू आर रिअली अ बॅड स्टुडंट, आणि हसली, नाक गळत होतं, डोळे गळत होते आणि हसत होती. मी म्हणलं, बाथरूमच्या दारात होत्या म्हणजे दिसलेली काहीतरी वस्तू असणार. ती म्हणाली, घरी जाऊन बघते, आणि बोटांवर मोजायला लागली काय काय ठेवलंय तिथं, तुमचा कंगवा, तुमची प्लॅस्टिकची टोपी, ते छोटं स्टूल. ओवी तिच्या केसातलं पांढरं फूल ओढत होती.

चॅन अंकल दारात आले. गाणं थांबलेलं होतं.

मेईनं त्यांच्याकडं बघितलं, मग आत बघितलं. पडदा बंद झालेला.

तुमची बहीण बाहेर आली. मेईला चायनीजमध्ये काहीतरी म्हणाली, हळू, ओरडून नाही. मेईनं खाली बघून एकाच शब्दात उत्तर दिलं. मग बहिणीनं ओवीच्या दुमडलेल्या बाहीला हात लावला. कुरवाळली का झाकायला गेली, मला कळलं नाही. मेईनं ओवीला माझ्याकडं दिलं, आत गेली, बंद पडद्यासमोर थोडं उभी राहिली आणि गाडीत बसून गेली. मला बाय म्हणाली नाही. त्यानंतर मेसेजही नाही. मी सॉरी टाइप करते आणि पुसते, कशाबद्दल सॉरी तेच मला ठरवता येत नाही. विशाल म्हणतो, तू तिला हसवलंस, त्या दिवशी अजून कुणी हसवलं असतं? सासूबाई म्हणतात, आईचं शेवटचं तोंड चुकवलंस पोरीचं. दोघांचंही खरं वाटतं मला.

तुम्हाला विचारलं असतं, पण आता तुम्ही सांगणार नाही. म्हणून हे जे कुणी वाचत असेल त्यांना विचारते. समोर हात पसरून उभी असलेली मुलगी, तिच्या मागं तिच्या आईची पेटी, आणि तुमच्या कोटात ते लाल लेकरू. गाणं संपत आलंय. तुम्ही काय केलं असतं?